वाळूवरच्या शिव्या

नांदरखेड्याच्या कुंदाबाईने आखाजीच्या दिवशी आपल्या माहेराला शिव्या दिल्या नाहीत, असं एकही वर्ष गेलं नव्हतं. हे वाचून कुणी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई पुजतात, पुरणपोळीबरोबर आंब्याचा रस ओरपतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गिरणेच्या पात्रात जिथं दोन गावं समोरासमोर ठाण मांडून बसली आहेत, तिथं आणखी एक रीत आहे. गौराई बोळवायला बायका नदीत उतरल्या, की या काठाच्या बायकांनी त्या काठाच्या बायकांना शिव्या घालायच्या. गाण्यातून घालायच्या, साध्या बोलण्यात घालायच्या, हातवारे करून घालायच्या. याला बार म्हणतात. बार संपला की तोंड धुवायचं, गौराई पाण्यात सोडायची आणि शिव्याही तिथंच सोडून घरी जायचं. नदीतली शिवी उंबऱ्याच्या आत आणायची नाही, असा दंडकच आहे.

कुंदाबाईचं माहेर नेमकं समोरच्या काठावर, तामसोदला. त्यामुळे बारात तिच्यासमोर उभी राहायची ती तिची सख्खी भावजय, पुष्पाबाई. नणंद-भावजयीला वर्षभर जे पोटात ठेवावं लागतं ते एका दिवसात मोकळं करायची सोय इतर गावांत नाही, म्हणून तिथं घरं फुटतात, असं कुंदाबाईचं मत होतं. ती नदीच्या मध्यावर जायची. तिथं पात्रातच नांदरखेड्याच्या पाणीपुरवठ्याची विहीर आहे. विहिरीला सिमेंटचा गोल कठडा आणि वरून लोखंडी जाळी. लुगडं जरा खोचून ती त्या कठड्यावर चढायची, हात कमरेवर ठेवायची आणि सुरू व्हायची.

"पुष्पे, तुनी पुरनपोळी कुत्रं बी सुंगत नही!"

"तुनी तं म्हैस बी वकी टाकस!"

"तुना दादलानी मिशीमा उंदीरनं घर करेल शे!"

आता पुष्पाबाईचा दादला म्हणजे कुंदाबाईचाच थोरला भाऊ चुडामण, तामसोदचा सरपंच. मिशी खरोखर बघण्यासारखी. पण बारात कसला भाऊ आणि कसला सरपंच! शिव्या संपल्या की कुंदाबाई सांजोऱ्यांचा डबा घेऊन वाळू तुडवत त्याच भावाच्या घरी जेवायला जायची. पुष्पाबाई तिला पाट मांडायची, आणि कुत्रं न शिवणारी पुरणपोळी नणंद चार-चार खायची.

मग नदीत रुपचंद शेठ आला.

शेठला नदीच्या खालच्या अंगाला, दोन्ही गावांपासून लांब, वाळूचा ठेका मिळाला होता. ठेका तिथला, पण वाळू उपसायला तो आला वर, नांदरखेडे आणि तामसोदच्या मधोमध. कारण इथली वाळू बारीक आणि स्वच्छ, आणि डांबरी रस्ता जवळ. पोकलेन उतरलं, डंपरांची रांग लागली. बघता बघता नदीच्या मध्यावर असा खड्डा पडला, की त्यात बैलगाडी उभी केली तर काठावरून बैलांची शिंगंही दिसली नसती. नांदरखेड्याच्या विहिरीभोवतीची वाळू गेली आणि विहीर पात्रात उघडी पडली. जो कठडा कुंदाबाईच्या गुडघ्याएवढा होता, तो आता मान वर करून बघावा लागत होता. विहिरीचं पाणी तळाला गेलं. गावाच्या नळाला हवा येऊ लागली आणि काठावरच्या केळीबागा पिवळ्या पडायला लागल्या.

आणि कुंदाबाईचा माहेरचा रस्ता गेला. पण तो काही खड्ड्यामुळे गेला नव्हता. खड्ड्याला वळसा घालून जाता आलं असतं. तो गेला रागामुळे. गावात बोलवा झाली होती, की तामसोदच्या ग्रामसभेनं शेठला संमतीचा ठराव दिला. खुद्द शेठच तसं सांगत होता. "समोरच्या गावाला चालतं, तुम्हालाच काय अडचण?" असं तो नांदरखेड्याच्या पारावर बसून विचारायचा. म्हणजे नदी विकली ती चुडामणभाऊने! ज्या भावाच्या खांद्यावर बसून ती लहानपणी नदी ओलांडायची, त्याने. कुंदाबाई रागानं आणि दुःखानं आतून पोळली. तिनं भाऊबीजेला निरोप धाडला नाही. भावानेही बोलावणं धाडलं नाही, त्यामुळे तिची खात्रीच पटली. चोराच्या मनात चांदणं, असं ती नवऱ्याला, सुकदेवला, म्हणाली. सुकदेवभाऊ गरीब माणूस, त्यानं नुसती मान हलवली.

पुढची आखाजी आली. बार होणार की नाही याचीच चर्चा होती. पण रीत ती रीत. बायका गौराया घेऊन उतरल्या आणि खड्ड्याच्या दोन कडांना उभ्या राहिल्या. कुंदाबाईला चढायला कठडा नव्हता. जमिनीवरच उभी राहून तिनं समोर बघितलं. पुष्पाबाई जरा वाळली होती. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही, आणि सुटलं नाही म्हणून ती आणखी चिडली. तिनं तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला.

"कुंदे! तुना गावनं नदी इकी खादी! लाज नही वाटत तुम्हले?"

कुंदाबाई क्षणभर वेडीच झाली. चोर तो चोर, वर शिरजोर!

"आम्ही इकी? तुना दादलानं इकी! रुपचंद शेठ सोता सांगस, तामसोदना ठराव शे म्हने!"

"आम्हना?" पुष्पाबाईचा हात हवेतच राहिला. "आम्हले तं त्यानं सांगं, नांदरखेडानी बठ्ठी ग्रामसभा अंगठा दिसनी मोकळी व्हयनी!"

बार बंद पडला. आजवर तो पावसात चालला होता, भर उन्हात कुणाला भोवळ आली तरी चालला होता. पण असा अर्ध्या शिवीत कधी थांबला नव्हता. बारात शिवी कितीही खोटी चालते. सरपंचाच्या मिशीत उंदीर राहत नाही, हे शिवी देणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही माहीत असतं. पण गौराई हातात धरून कुणी कुणावर खोटा आळ घेत नाही. तेवढा धर्म दोन्ही गावांनी पाळला होता.

"गौराईनी आन?" कुंदाबाईने विचारलं.

"गौराईनी आन. आम्ही काहीच दिधं नही वं, कुंदा."

कुंदे नाही, कुंदा. तेवढ्यानेच कुंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गौराई शेजारणीच्या हातात दिली, खड्ड्याला लांबचा वळसा घातला आणि तरातरा तामसोदच्या वाटेला लागली. मागून दोन्ही गावांच्या बायका.

चुडामणभाऊ ओट्यावर बसला होता. बहिणीला बघून तो उठून उभा राहिला आणि त्यानं खाट पुढं ओढली.

"बस."

"मी बसाले नही येल. तू नदी इकी का?"

"मी?" चुडामणची मिशी थरथरली. "मी इकसू? ज्या नदीमा बाप बुडता बुडता वाचना ती नदी मी इकसू? मी समजनू, तुना सुकदेवनं सही करी दिधी!"

"त्यानी सही? त्याले दुकानवर उधारी मांगता येत नही, तो नदी इकी!"

मग दोघंही हसत सुटली. हसता हसता कुंदाबाई रडली, चुडामण उपरण्यानं नाक पुसत राहिला, आणि पुष्पाबाईने कुणाला न विचारता पाट मांडले. दोन गावांना भांडवायला शेठला खोटं लागलं फक्त एक, आणि तेच त्यानं दोन्ही काठांवर वापरलं. धंद्यात काटकसर म्हणतात ती अशी.

नदी दोन तालुक्यांची हद्द. त्यामुळे एका तालुक्यात तक्रार केली की ती जागा पलीकडची, आणि पलीकडे केली की अलीकडची, असं आजवर होत आलं होतं. या वेळी दोन्ही गावांनी एकाच दिवशी ग्रामसभा घेतली, एकाच शब्दांत ठराव केला आणि जळगावला वकील गाठला. वकील म्हणजे हेमांगीताई. मूळ शिंदखेड्याकडच्या, वयानं लहान, चष्मा मोठा, आणि बोलणं असं की समोरच्याला चहा पाजावासा वाटावा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

"ठेका खालच्या घाटाचा आहे, हे कागदावर स्पष्ट आहे. शेठ म्हणणार, मी इथं खोदलंच नाही. इथं जुना डोह होता. आणि तुमची विहीर पहिल्यापासून अशीच उंच होती. आपल्याला एवढंच सिद्ध करायचंय, की खड्डा नवा आहे. दोन-चार वर्षांपूर्वी नदी कशी होती ते दाखवणारं काहीही द्या. फोटो, व्हिडिओ, जे असेल ते."

दोन्ही गावं कामाला लागली. आणि इथंच, सांगायला वाईट वाटतं, दोन्ही गावांनी मिळून आपल्या अकलेचे दिवे लावले.

त्याचं असं झालं, की नदीचे व्हिडिओ खंडीभर होते. पण होते ते सगळे बाराचे! आखाजीला पोरंटोरं मोबाइल घेऊन काठावर उभी असायची आणि आपल्या आया-मावश्यांच्या शिव्या टिपून घ्यायची. नदीकाठच्या माणसाला नदीचा नुसता फोटो काढावासा वाटत नाही. रोजच्या भाकरीचा फोटो कोण काढतो? तामसोदच्या मंदिरात दोन्ही गावं बसली तेव्हा कुणीतरी भीत भीत म्हणालं, बाराचे व्हिडिओ द्यायचे का? त्यावर सगळ्यांत आधी उसळली ती कुंदाबाई.

"जीभ झडी जाई तुनी! साहेबनासमोर ते लावतस का? मी अर्जदार शे. पहिलं नाव मनं शे. साहेब म्हनी, ह्या बाया एकमेकीसले असं बोलतस, यासना काय इस्वास!"

पुष्पाबाईने तिला दुजोरा दिला. नणंद-भावजयीचं एकमत झाल्यावर तिसऱ्यानं बोलायचं कारण उरलं नाही. एवढंच नाही, तर ज्यांच्या मोबाइलमध्ये बार आहे त्यांनी तो पुसून टाकावा, आणि वकीलताईंना बाराबद्दल चकार शब्द सांगू नये, असंही ठरलं. मग हेमांगीताईंना मिळाले ते गणपतीचे फोटो, पोळ्याच्या बैलांचे फोटो, कुणाच्या हळदीचे आणि एका म्हशीचे. म्हशीमागे जरासं पाणी दिसत होतं, पण ते गावतळ्याचं निघालं.

"मावशी," हेमांगीताई चष्मा पुसत म्हणाल्या, "नदीकाठची एवढी माणसं, आणि नदीचा एक फोटो नाही?"

"नही ना, माय," म्हणून कुंदाबाईने छताकडं बघितलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस छताकडं बघतं.

सुनावणी जळगावला कलेक्टर कचेरीत होती. कुंदाबाईने लग्नकार्यात नेसायची जांभळी साडी काढली. पुष्पाबाई तिच्या शेजारी, डोक्यावर पदर. चुडामणभाऊने मिशीला तेल लावलं होतं. समोर रुपचंद शेठ पांढऱ्या सफारीत, आणि त्याच्याशेजारी त्याचे वकील, भारदस्त, आवाज भरलेला. मधे साहेब. साहेब थकलेले दिसत होते, पण कान देऊन ऐकत होते, हे कुंदाबाईने हेरलं.

हेमांगीताईंनी ठराव मांडले, ठेक्याची हद्द दाखवली, आटलेल्या विहिरीचे आणि वाळलेल्या केळीचे फोटो दिले. त्या चांगल्या बोलल्या. मग शेठचे वकील उठले.

"साहेब, तिथला खोलगट भाग हा फार जुना, नैसर्गिक डोह आहे. माझ्या अशिलानं तिथं फावडंसुद्धा मारलेलं नाही. विहीर म्हणाल, तर ती पुराचं पाणी आत जाऊ नये म्हणून पहिल्यापासून उंच बांधलेली आहे. आता दिसते तशीच ती कायम दिसत आली आहे."

साहेबांनी हेमांगीताईंकडं बघितलं. "यापूर्वी पात्राची पातळी काय होती, याचा काही पुरावा?"

"गावकऱ्यांचे जबाब आहेत, साहेब."

"जबाब म्हणजे अर्जदारांचेच ना?" वकील हसले. "आणि हे अर्जदार कोण आहेत ते मी दाखवतो. दोन गावं एकदिलानं आलीत असं चित्र उभं केलंय. ही दोन गावं एकमेकांची हाडवैरी आहेत. त्यांची भांडणं नदीत होतात, आणि त्यात माझ्या अशिलाचा हकनाक बळी दिला जातोय. गावातल्याच पोरानं काढून मोबाइलवर पसरवलेला हा व्हिडिओ बघावा. चार वर्षांपूर्वीचा, आखाजीच्या दिवसाचा. त्याच नदीतला, त्याच जागेवरचा. तारखेसह अस्सल."

भिंतीवरच्या पडद्यावर नदी उमटली, आणि खोलीत कुंदाबाईचा आवाज घुमला.

"पुष्पे, तुनी पुरनपोळी कुत्रं बी सुंगत नही!"

धरणीमाते, पोटात घे, असं कुंदाबाईला झालं. तिनं मान खाली घातली ती साडीच्या काठावरचे मोर मोजेपर्यंत. शेजारी पुष्पाबाईने पदर नाकापर्यंत ओढला. कारकुनाला अचानक खोकला झाला. आवाज चालूच होता. पाठोपाठ मिशी आणि उंदीर आले, तेव्हा साहेबांची नजर आपोआप चुडामणभाऊकडं गेली, आणि चुडामणभाऊचा हात आपोआप मिशीकडं.

"ही अर्जदार क्रमांक एक," वकील बोट दाखवत म्हणाले. "आणि जिला बोलतायत ती अर्जदार क्रमांक दोनची बायको. अशा तोंडाळ बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

तोंडाळ! हा शब्द कुंदाबाईच्या वर्मी लागला. बारात पुष्पाबाईने तिला काय काय म्हटलं असेल, त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण पुष्पाबाई आपली होती. हा कोण सोम्यागोम्या? तिनं ताडकन मान वर केली आणि पडद्याकडं बघितलं. म्हटलं बघू तरी, असं काय केलं आपण.

पडद्यावरची कुंदाबाई वाळूवरून चालत येत होती. चालता चालता तिनं लुगडं खोचलं, एक पाय उचलला आणि ओसरीची पायरी चढावी तशी विहिरीच्या कठड्यावर चढली. हात कमरेवर ठेवले. तिच्या पायाशी, विहिरीच्या चहूबाजूंनी, पार तामसोदच्या काठापर्यंत वाळूच वाळू होती, अंगणासारखी सपाट.

आणि खुर्चीतली कुंदाबाई मोठ्यानं हसली.

"साहेब," ती उभीच राहिली, "ते परत लावा ना!"

"बघा, लाजसुद्धा नाही," वकील म्हणाले. पण तोवर हेमांगीताई उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या चष्म्यामागचे डोळे असे चमकत होते, की कुंदाबाईला त्यांचा मुका घ्यावासा वाटला.

"साहेब, मीही तीच विनंती करते. परत लावावा. आवाज बंद केला तरी चालेल."

"आवाज राहू द्या," साहेब म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढून बसले.

व्हिडिओ परत लागला. कुंदाबाई चालत आली, पाय उचलला, चढली. साहेबांनी तिथंच थांबवायला सांगितलं. मग त्यांनी समोरच्या कागदांतून आजच्या विहिरीचा फोटो काढला. एकदा फोटो, एकदा पडदा, असं बराच वेळ बघितलं.

"बाई, ही तीच विहीर?"

"तीच, साहेब. नांदरखेडाले दुसरी विहीर नही नदीमा."

"तुम्ही वर चढलात कशा?"

"पाय उचलला आनि चढनू."

"आज चढता येईल?"

"आज?" कुंदाबाईने शेठकडं बघितलं. "आज शिडी लागी, साहेब. ती बी लांब लागी. शेठनी पोकलेननी सोंड मिळनी तं बरं व्हई."

कारकून आता उघडउघड हसला. शेठचे वकील घाईनं उठले. व्हिडिओची शहानिशा झालेली नाही, तो ग्राह्य धरू नये, असं काहीतरी ते म्हणू लागले. हेमांगीताईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं.

"साहेब, व्हिडिओ आम्ही आणलेला नाही. आमच्याकडं नव्हताच. विद्वान वकिलांनीच आणला, आणि तारखेसह अस्सल आहे, त्याच जागेवरचा आहे, हेही त्यांनीच आत्ता सांगितलं. आमची काहीच हरकत नाही."

रुपचंद शेठनं आपल्या वकिलांकडं जे बघितलं, ते बघण्यात बारातल्या सगळ्या शिव्या होत्या. फक्त त्यांना चाल नव्हती.

बाहेर जिन्याखाली आल्यावर हेमांगीताईंनी कुंदाबाईचा हात धरला. "मावशी, खरं सांगा. असे व्हिडिओ तुमच्याकडं होते?"

"व्हतात," कुंदाबाई पुटपुटली. "बठ्ठा पुसी टाकात."

"का पण?"

"लाज वाटे ना, माय. तुम्ही शिकेल बाई. तुम्हले काय वाटी!"

हेमांगीताई इतक्या हसल्या, की चष्मा काढावा लागला. "मावशी, मनी माय बारमा उभी राहे ना, तं समोरनं गाव घर गाठे!" त्या चक्क अहिराणीत म्हणाल्या. "मले इचारतात तं खरं!"

चुडामणभाऊ मिशी कुरवाळत मागं उभा होता. तो गंभीरपणे म्हणाला, "आपला उंदीर जिंकना."

त्यानंतर साहेब स्वतः नदीत आले. खड्ड्यात उतरले, विहिरीच्या पायथ्याशी उभे राहिले आणि मान वर करून कठड्याकडं बघत राहिले. टेप लावून मोजमाप झालं, पंचनामा झाला, दोन्ही गावांच्या सह्या एकाच कागदावर आल्या. पात्रातला उपसा बंद झाला. शेठची यंत्रं जप्त झाली, दंड बसला, आणि खड्डा भरून द्यायचा हुकूम निघाला. शेठ वर अपिलात गेला, तिथं हेमांगीताई त्याच्या आधी जाऊन बसल्या होत्या. अजून ते चालू आहे. वाळूचा धंदा एका निकालानं सुधारत नाही, हे काय सांगायला पाहिजे? पण त्या ठिकाणी पुन्हा पोकलेन उतरलं नाही. दोन्ही काठांवरून दोन गावं डोळ्यांत तेल घालून बघत असल्यावर उतरायची छाती कुणाची आहे!

पावसाळ्यात गिरणा दोन्ही थड्या भरून वाहिली आणि ओसरताना बरीच वाळू ठेवून गेली. सगळी काही भरली नाही. विहिरीला पाणी आलं, नळाला धार आली, पण कठडा अजून कुंदाबाईच्या डोक्याच्या वरच होता. भाऊबीजेला ती माहेरी गेली, पोटभर जेवली. परतताना विहिरीपाशी थांबून तिनं विहिरीच्या भिंतीला हात टेकून वर बघितलं, आणि मनात म्हणाली, आपल्या जन्मात काही आता तिथं चढणं होत नाही. त्या दिवशी तिला फार वाईट वाटलं. बार जमिनीवरूनही करता येतो, पण मग तो नुसता आरडाओरडा.

आखाजी आली. कुंदाबाई गौराई घेऊन काठ उतरली आणि मध्येच थबकली.

विहिरीला टेकून वाळूचा उतार रचलेला होता. कठड्याला लागेल असा, थापून थापून पक्का केलेला, कडेनं दगड लावलेले. पलीकडून, तामसोदच्या काठापासून, बायकांच्या पावलांची वाट पडली होती आणि रिकाम्या पाट्यांचा ढीग बाजूला होता. सकाळपासून पाट्या वाहून वाहून तामसोदच्या बायका घामानं निथळत सावलीला बसल्या होत्या. आणि पुष्पाबाई मध्यावर उभी, हात कमरेवर.

कुंदाबाई उतार चढली. कठड्यावर उभी राहिली. तिथून तिचं माहेर दिसत होतं, भावाचं घर, दारातला लिंब. तिनं तोंड उघडलं, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा तिला एकही शिवी सुचेना. मागं सगळं नांदरखेडे वाट बघत उभं.

"बोल ना वं, म्हैस!" खालून पुष्पाबाई ओरडली. "का आम्ही फुकट पाट्या वाह्यात? दिन बुडी जाई!"

कुंदाबाईने पदरानं डोळे पुसले, लुगडं खोचलं आणि श्वास छातीत भरून घेतला.

"पुष्पे! तुना दादलानी मिशीमा..."

पुढचं दोन्ही काठांनी मिळून पुरं केलं.